खिळीवरचं कुंकू

१

"आनंदराव, कामगाराला कचेरीत बोलावून कधी विचारू नका. तिथं तो हात जोडतो आणि आपल्याला हवं तेच बोलतो. त्याचे हात कामात असतील तिथं जाऊन बसा, म्हणजे खरं कानावर येईल. मालकाच्या बाबतीतही हेच."

पुण्यात ज्या वकिलांच्या हाताखाली आनंदराव शिळीमकर उमेदवारी करत होते, त्यांचं हे सांगणं. ते वकील जाऊनही वीस वर्षं लोटली होती. पण नव्या तंट्याला हात घालायची वेळ आली की त्यांचा तो घोगरा, सावकाश आवाज आनंदरावांच्या कानाशी यायचा. सन एक्केचाळीसच्या दसऱ्याला सकाळी भोरच्या हिरडा कारखान्याच्या दारात टांग्यातून उतरतानाही तो आलाच.

आनंदराव तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. सत्तावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, मालकांना सल्ला देण्याचं. कुणाला कामावरून काढायचं, काढताना कागदावर काय लिहायचं, संप झाला तर किती दिवस गप्प बसायचं आणि कोणत्या दिवशी चार पावलं मागं यायचं, हे त्यांच्याइतकं त्या मुलखात कुणाला कळत नव्हतं. भातगिरण्यांचे मालक त्यांना विचारल्याशिवाय मुकादमसुद्धा बदलत नसत. तंटे मिटवण्यातही त्यांचा हातखंडा होता. सकाळी वकीलसाहेब आले की संध्याकाळी इंजन सुरू होतं, असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून त्यांना बरं वाटायचं.

या कारखान्यातला तंटा त्यांनीच मिटवला होता. वेल्ह्याच्या रानातून आलेला हिरडा इथं भरडला जाई आणि त्याची पूड कातडी कमावायला मुंबईला जाई. वैशाखात फुलाबाई नावाच्या कामकरणीची तीन बोटं भरडणीच्या लोखंडी रुळाखाली गेली. त्या दिवशी विंझरच्या वरच्या धनगरवाड्यातला रायबा नावाचा गडी उठला, त्यानं इंजन बंद केलं आणि साठ माणसं बाहेर येऊन बसली. अकरा दिवस बसली. शेवटी आनंदरावांनी मसुदा केला, की दिवाळीपर्यंत रुळापुढं जाळी बसवायची आणि मालकानं सगळ्यांसमोर फुलाबाईपुढं हात जोडायचे. दुसरी अट रायबाची होती. मालक कुंडलिकराव हसत पुढं आले, हात जोडले, आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले.

तोच रायबा आता त्याच रुळाखाली पडला होता.

आनंदराव पोचले तेव्हा त्याला बाजूला काढून घोंगडं घातलं होतं. भरडणीवर झेंडूच्या माळा तशाच लोंबत होत्या. आदल्या दिवशी खंडेनवमी, त्यामुळे कारखाना बंद. ज्यानं त्यानं आपापल्या हत्याराची पूजा मांडलेली. पूजेच्या वेळी रूळ साखळीनं वर ओढून एका खिळीवर टेकवून ठेवायचे. दसऱ्याला उजाडता उजाडता, ज्यानं पूजा मांडली त्यानंच एकट्यानं आत जाऊन ती उचलायची, अशी तिथली चाल होती. रायबानं पूजा उचलली, रूळ खाली घ्यायला साखळीला हात घातला, आणि खीळ मोडून पंधरा मणाचं लोखंड त्याच्या अंगावर आलं.

फौजदार आधीच येऊन गेले होते. खिळीचे दोन तुकडे त्यांनी फडक्यात बांधून नेले होते. खीळ आपसूक मोडली नव्हती. कुणीतरी ती कानशीनं अर्धी कापून ठेवली होती.

कोण असेल, असं कुणाला विचारावंच लागलं नाही. साठही माणसांच्या तोंडी एकच नाव होतं, हैबती.

२

हैबती वेल्ह्याचा. रायबाच्या आधी इंजनावर तोच होता. फुलाबाईची बोटं गेली त्याचा दोष कारखान्यावर येऊ नये म्हणून तो इंजनवाल्यावर टाकावा, असा सल्ला आनंदरावांनीच दिला होता. श्रावणात त्यांनीच नोटीस लिहिली आणि हैबतीला काढला. त्याच्या जागी कुंडलिकरावांनी रायबाला बसवलं. मग भोरच्या भर बाजारात हैबती ओरडला होता, की रायबानं माझी भाकर घेतली, त्याला बघून घेईन.

दुसऱ्या दिवशी आनंदराव कुंडलिकरावांकडं गेले तेव्हा ते पाट मांडून सुपारी कातरत बसले होते. आनंदरावही शेजारी टेकले. कुंडलिकरावांचा अडकित्ता एका लयीत चालला होता. ते म्हणाले, मी अष्टमीपासून वेल्ह्याला होतो, हिरड्याचा मक्ता ठरवायला. दसऱ्याला दुपारी मोटार घेऊन आलो, तोवर सगळं उरकलं होतं. मेलेल्याचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, की ती खीळ दिसली नाही. मग सुपारीची खांडं तबकात लोटत त्यांनी सुस्कारा टाकला.

"माणसाचं नशीब बघा आनंदराव. ज्या खिळीला हळदकुंकू वाहिलं, तिनंच घात केला."

आनंदरावांनीही मान हलवली. त्यांच्या पत्नी सगुणाबाई घरी विळीला, उखळाला, त्यांच्या दौतीलासुद्धा नवमीला हळदकुंकू वाहत. त्यात नवल वाटण्यासारखं त्यांना काहीच दिसलं नाही.

मग कुंडलिकराव कामाचं बोलले. हैबतीवर खटला उभा राहील, त्यात कारखान्याचं नाव येऊ नये. बंद कारखान्यात आपल्या मनानं गेलेल्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर मालक बांधला जात नाही, असं तुमचं लेखी मत माझ्यापाशी आहेच. ते मत दिल्याचं आनंदरावांना आठवत होतं. अशी मतं त्यांनी शेकड्यांनी दिली होती.

तेवढ्यात मुकादम कोंडिबा धापा टाकत आला. वेल्ह्याहून माणूस आला होता. हैबती आपल्या पायांनी तिथल्या पोलीस कचेरीत गेला होता आणि म्हणाला होता, रायबाला म्याच मारलं.

कुंडलिकरावांचा अडकित्ता क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

३

गुन्हा कबूल करणाऱ्याकडं जाण्याचं आनंदरावांना तसं काही कारण नव्हतं. तरी ते तिसऱ्या दिवशी वेल्ह्याला गेले. त्यांच्या मनात एकच होतं. या माणसाच्या हातात नोटीस त्यांनी स्वतः दिली होती. हैबतीला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद उलटा धरला आणि विचारलं, सायेब, यात काय हाय? तेव्हा आनंदरावांनी त्याचा अंगठा घेऊन सांगितलं होतं, की नोटीस हाती पडली की ती लागू झाली, वाचलीस न वाचलीस तरी.

कचेरीच्या पडवीत हैबती अंबाडी वळत बसला होता. बसल्या बसल्या दोर वळून दे म्हणून शिपायानंच त्याला ती दिली होती. नऊ दिवसांच्या उपासानं त्याचे गाल आत गेले होते. आनंदराव खांबाला टेकून बसले. कुठं होतास, कसा गेलास, खीळ कशानं कापलीस, असं त्यांनी हळूहळू विचारलं. कसल्याच प्रश्नाला त्याला उत्तर देता येईना. खीळ कापली होती हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.

"मग मारलंस कसं?"

हैबतीचे हात चालूच होते. "देवीपाशी मागनं मागून, सायेब. मेंगाईच्या देवळात घट बसल्यापास्नं उभा व्हतो. नऊ दिस पानी सोडलं तर काय घेतलं न्हाई. आईला म्हनलं, रायबाचं वाटोळं कर. त्याच्याबी हातातलं काम जाऊ दे, एवढंच मनात व्हतं बगा. आईनं त्याला पुरताच नेला. आता माझा हात न्हाई म्हनू व्हय? देवीवर ढकलू?"

त्याला देवीची खोटी आण वाहायची नव्हती, म्हणून तो फासावर जायला निघाला होता. आपण लिहिलेला एक कागद या माणसानं नऊ दिवस देवीपुढं उभं राहून पोटात जाळला, हे आनंदरावांना तिथं बसल्या बसल्या कळलं.

मेंगाईच्या देवळात आक्काबाई गुरवीण गाभारा सारवत होती. हैबती घट बसल्यापासून दसऱ्याची आरती होईपर्यंत देवळाच्या पायरीखाली उतरला नाही, हे तिनं शपथेवर सांगितलं. आख्खं वेल्हं साक्षीला होतं. सारवण पुढं ओढताना तिनं आपलंही एक गाऱ्हाणं घातलं.

"तुमचं ते भोरचं मालक. अष्टमीला आलं, वटी भरली, मोठी दक्षिणा ठिवली. म्या म्हनलं, उद्या होम हाय, परसाद घिऊन जावा. तर नवमीला दुपार व्हायच्या आत मोटार सुरू. होम टाकून कोन जातं का?"

४

परतताना आनंदराव विंझरला उतरले आणि काठी टेकत वरच्या वाड्यावर गेले. भात ओंबीवर आलं होतं, बांध निसरडे होते. वर जाईपर्यंत त्यांना दोनदा बसावं लागलं.

रायबाच्या खोपटापुढं त्याची बायको सोजराबाई चातीवर लोकर कातत होती. तिचे दोघे भाऊ आले होते. एकजण मेंढरांना पाला टाकत होता. दुसरा कुऱ्हाडीच्या दांड्यात नवी पाचर ठोकत होता, आणि वकील आले तरी त्यानं ठोकणं थांबवलं नाही.

सोजराबाईनं बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तुम्ही मालकाचे वकील, इथं कशाला आलात, एवढंच तिनं विचारलं. आनंदरावांनी हैबतीचं सगळं सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. हैबती भांडायचा, पण तापात पडला तेव्हा रायबानंच त्याला पेज नेली होती, म्हणाली. चातीची फिरकी तिनं मांडीवर पुन्हा जोरात मारली.

"दहाव्याला पिंड ठिवायचाय. ज्यानं केलं त्याला सोडनार न्हाई, असं बोलल्याबिगर त्यो कावळा शिवायचा न्हाई, मला ठावं हाय. पन नाव कुनाचं घिऊ? हैबतीचं घिऊन खोटं बोलू त्याच्यासंगं? तुमाला कायदा येतो. नाव आनून द्या."

भावाची पाचर ठोकायची थांबली होती.

सत्तावीस वर्षांत आनंदरावांनी कामगाराच्या बाजूला कधी शब्द दिला नव्हता. दिला तर तो मालकाच्या वतीनं, आणि कागदावर. ते म्हणाले, दहाव्याच्या आत मी स्वतः येईन. ज्याचं ज्याचं नाव निघेल ते तुमच्या दारात उभा राहून सांगेन, काही मागं ठेवणार नाही.

"भंडारा उचला," सोजराबाई म्हणाली.

तिनं खोपटातून लोकरीची पिशवी आणली. आत देवाची हळद होती. त्यांनी चिमूट उचलून कपाळाला लावली. तेव्हा ती म्हणाली, की याच पिशवीतला भंडारा रायबा नवमीला यंत्राच्या पूजेला घेऊन गेला होता.

"भंडारा? कुंकू नाही?"

"आमच्या वाड्यात लोखंडाला कुंकू लावत न्हाईत. आमच्या देवाचं हत्यार, त्याला भंडाराच. मुकादम हसला म्हनं, की लेका समदं यंत्र पिवळं केलंस. मयताला आल्याली मानसं म्हनत व्हती, खिळंपास्नं साखळीपातुर एक जागा सोडली न्हाई."

आनंदरावांनी आपल्या बोटांकडं पाहिलं. ती पिवळी झाली होती. आणि त्यांना आठवला एक अडकित्ता, आणि तबकात पडणारी सुपारीची खांडं.

५

भोरला येताच ते फौजदारांकडं गेले. फडकं सोडून बघायला मिळावं, एवढंच मागितलं. खिळीचे दोन्ही तुकडे मेजावर ठेवले गेले. तेलकट लोखंडावर हळदीचं बोट होतं आणि त्यावर लालभडक कुंकू, ओळीनं पाच टिकल्या. भंडाऱ्याचा कण कुठं नव्हता.

फौजदार म्हणाले, यात काय पाहायचं? नवमीची पूजा आहे. आनंदरावांनी कारखान्यात चौकशी करेपर्यंत सबुरी मागितली.

फुलाबाई उरलेल्या दोन बोटांनी हिरडा निवडत होती. ते तिच्यासमोर सुपापाशी बसले, तशी ती लाजली. तिनं सांगितलं, की नवमीला रायबानं पूजा केली तेव्हा ताट तिच्याच हातात होतं. खिळीला त्यानं भंडारा चोळला होता, मूठभर. कुंकवाचा करंडा त्या ताटात नव्हताच.

म्हणजे पूजा झाली ती खीळ वेगळी. पूजेनंतर कुणीतरी साखळी बोटभर ओढून ती काढली आणि कापलेली घातली. कोरी खीळ रायबाच्या नजरेत आली असती, म्हणून तिलाही पूजा केली. ती त्यानं आपल्या घरच्या रीतीनं आधीच करून आणली, आणि अंधारात खीळ बदलताना यंत्राचा पिवळेपणा त्याला दिसला नाही. पूजेला हजर असता तर ही चूक त्याच्या हातून झाली नसती. तिथं हजर असलेल्या साठ माणसांतला तो नव्हता.

मग कुलूप कुणी उघडलं? कारखान्याच्या दोन किल्ल्या होत्या. पूजा झाल्यावर कोंडिबानं कुलूप लावलं आणि घरी गेला. किल्लीचं पुढं काय केलंस, असं विचारताच तो ताडपत्री दुमडता दुमडता गोंधळला.

"किल्ली व्हय? ती तर पूजंत व्हती. आमच्यात मुकादमाचं हत्यार म्हंजी किल्ली आन् काठी. घटाम्होरं ठिवली, दसऱ्याला उजाडल्यावर उचलली आन् रायबाच्या हातात दिली. मधी कोन हात लावल? माझी म्हातारी घटाम्होरनं हाललीच न्हाई, वकीलसायब. तिला इचारा."

त्यांनी विचारलं. म्हातारीनं त्यांना उलट झापलं, की पूजेतलं उचलायला आमचं घर काय तुमच्या पुण्यासारखं आहे काय.

दुसरी किल्ली कुंडलिकरावांच्या कमरेला असे.

त्या संध्याकाळी आनंदरावांनी आपल्या कपाटातलं मतांचं बाड काढलं. कुंडलिकरावांना दिलेल्या मताची नक्कल वरतीच सापडली. विचारणा त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतली होती. खंडेनवमीला कारखाना बंद असता, पूजेनिमित्त आपखुशीनं आत आलेल्या इसमास यंत्रापासून इजा झाल्यास मालक जबाबदार ठरतो काय? तारीख होती घट बसण्याच्या आठ दिवस आधीची. खाली आनंदरावांचं वळणदार उत्तर, ठरत नाही.

त्यांनी दिवा पुढं ओढून नोटिशीची नक्कलही काढली. तीही सापडली. दोन्ही कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. एका कागदानं मालकाला मोकळं केलं होतं, दुसऱ्यानं ज्याच्यावर आळ यावा असा माणूस तयार करून ठेवला होता. रायबाला इंजनावर का बसवलं, तेही आता कळलं. यंत्राची पूजा इंजनवाला मांडतो, आणि पूजा मांडणाराच ती उचलतो. इंजनावर जो असेल तोच दसऱ्याला रुळाखाली जाणार, दुसरा कुणी नाही.

सगुणाबाई जेवायला बोलवायला आल्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्या आल्या पावली परत गेल्या, आणि देवापुढं जाऊन बसल्या.

६

आठव्या दिवशी सकाळी अकराला आनंदराव कोर्टात गेले, एक अर्ज दिला आणि पोच घेतली. त्याची एक प्रत त्यांनी पट्टेवाल्याबरोबर कुंडलिकरावांकडं पाठवली. पट्टेवाला सही घेऊन आला. मग दुपारी ते स्वतः गेले.

कुंडलिकराव पानाचं तबक घेऊन बसले होते. पाकीट न फोडताच तबकाखाली सारलेलं होतं. आनंदरावांनी ते पाहिलं आणि नेहमीच्या जागी बसले. आवाज न चढवता त्यांनी एकेक गोष्ट मांडली. भंडारा, पाच टिकल्या, दोन किल्ल्या. वेल्ह्याचा होम टाकून नवमीला दुपारच्या आतच निघालेली मोटार. न पाहिलेल्या खिळीवरचं हळदकुंकू.

कुंडलिकराव चुना लावत होते. पानाची घडी त्यांनी नीट घातली, लवंग टोचली, आणि मगच बोलले. बोलताना ते हसत होते, पेढे वाटले त्या दिवशी हसले होते तसेच.

"उत्तम. एवढं डोकं तुम्ही माझ्यासाठी चालवता म्हणूनच मी दुसरीकडं गेलो नाही. त्या धनगरड्यानं मला त्या थोट्या बाईपुढं हात जोडायला लावले, साठ जणांसमोर. मसुदा तुमचा होता, तरी तुम्हाला क्षमा केली. त्याला नाही केली. रात्रंदिवस ते हात मला दिसायचे. आता दिसत नाहीत. पण हे तुमच्यामाझ्यात राहील, आनंदराव. अशिलानं वकिलाला सांगितलेलं वकिलाच्या ओठाबाहेर जात नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"शिकवलं," आनंदराव म्हणाले. "तबकाखालचं पाकीट फोडा."

कुंडलिकरावांनी फोडलं. कुंडलिक यांचं वकीलपत्र आनंदराव शिळीमकर यांनी आज सकाळी अकरा वाजता सोडलं, असा चार ओळींचा मजकूर होता.

"मी हे वाचलं नव्हतं."

"हाती पडलं की लागू होतं. वाचलं न वाचलं तरी. हैबतीला मी हेच सांगितलं होतं. तुम्ही आत्ता जे बोललात ते तुमच्या वकिलापुढं नाही बोललात. एका माणसापुढं बोललात, आणि तो ते जिथं जाईल तिथं सांगणार आहे."

सत्तावीस वर्षांत आनंदरावांनी कितीतरी माणसांना कागद दिले होते. कागद घेतल्यावर माणसाच्या तोंडावरचं रक्त कसं उतरतं, याकडं त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. आज ते पाहत बसले. त्यांना त्यात गोडी वाटली, आणि त्या गोडीची त्यांना लाजही वाटली नाही.

"तुमचा एकट्याचा शब्द," कुंडलिकराव शेवटी म्हणाले. "खीळ कुठं आहे तुमच्याकडं?"

"ती तुमच्याकडं आहे. भंडारा लावलेली."

कुंडलिकरावांची नजर पडदा ओढलेल्या देवघराकडं गेली आणि परत आली. आनंदरावांना एवढंच हवं होतं. पूजा झालेलं लोखंड उकिरड्यावर फेकावं की नदीत, हे खून करणाऱ्यालाही ठरवता आलं नव्हतं. माणूस मारताना तो कचरला नव्हता, तिथं कचरला. आनंदराव उठले, चपला घातल्या आणि वाटेत कुठंही न थांबता फौजदारांकडं गेले.

खीळ देवघरात मिळाली, कुंडलिकरावांच्या आजोबांच्या तलवारीच्या म्यानामागं. वरून पुसून काढली होती. टोकाच्या खाचेत मात्र हळद तशीच होती. नवव्या दिवशी वेल्ह्याच्या कचेरीतून हैबतीला सोडलं. तो घरी गेला नाही, देवळात जाऊन पायरीवर बसला, असं समजलं.

७

दहाव्या दिवशी संकष्टी होती. सगुणाबाई पहाटे उठल्या, न्हाल्या, दूर्वा खुडून आल्या. ओटीवर आनंदराव तयार होऊन उभे दिसले. काळा कोट खुंटीवरच होता. अंगात साधी बंडी, हातात काठी, पायांत जाड वहाणा.

त्यांनी विचारलं, टांगा सांगितला का? आनंदराव म्हणाले, नसरापूरपर्यंत सांगितलाय, तिथून मार्गासनीच्या वाटेला कुणाची गाडी मिळेल, नाही मिळाली तर पाय आहेत. दुपारच्या आत पोचायला हवं, पिंड तेव्हा ठेवतील.

सगुणाबाईंनी शेंगदाण्याचे दोन लाडू फडक्यात बांधून पुढं केले. आनंदरावांनी कधी उपास केलेला नव्हता. संकष्टीलाही ते पोटभर जेवत आणि सगुणाबाई त्यांना वाढत. आज त्यांनी लाडू घेतले नाहीत. सांगून होईपर्यंत काही नको, म्हणाले.

त्यावर सगुणाबाईंनी आग्रह केला नाही. जन्मभर वार धरलेल्या त्या बाईला असा नेम कळत होता. पण फडक्याची गाठ सोडता सोडता त्यांनी मनातलं विचारलं.

"नाव तर गावभर झालंय. तिच्या कानावर गेलं असेल. मग जायलाच हवं का?"

"एक गेलं असेल. मी दोन सांगायचीत. दुसरं कुणाच्याच कानावर नाही."

"तिचे भाऊ असतील तिथं."

"असतील."

सगुणाबाईंनी देवघरातून करंडा आणला. मग काय वाटलं कोण जाणे, तो तसाच मिटला, आणि हळदीच्या वाटीत बोट बुडवून नवऱ्याच्या कपाळावर नुसती हळद ओढली. आनंदरावांनी खाली आपलं नाव असलेले दोन्ही कागद, मताचा आणि नोटिशीचा, बंडीच्या खिशात ठेवले. मागल्या दारानं ते निघाले, शेजारी जागे व्हायच्या आत, आणि काठीचा आवाज होऊ नये म्हणून ती काखेत धरून गल्लीतून चालू लागले.